३७४ घोडे आणि एक घाटी

भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या दिशेने निघालं की सडा, म्हणजे कातळाचं पठार, संपता संपता उजवीकडे आमच्या वाडीची घाटी उतरते. आजोबांच्या काळात तिच्यावरून माणसं आंब्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन चढायची. वडिलांनी उतार जरा मोडून जीप खाली आणली, मी वर कोबा घातला. पण जिथे रस्ता सुटतो आणि घाटी सुरू होते, तिथे जांभ्याची एक पाठ वर आलेली आहे. ती कुणीच काढली नाही, कारण तिचा कधी कुणाला त्रास झाला नव्हता. गेल्या वर्षी मी गाडी घ्यायला निघालो आणि तिचा त्रास सुरू झाला.

माझं वय ५२. काजूचा कारखाना आहे, दोनेकशे कलमं आहेत. नऊ वर्षं एकच डिझेल सेडान वापरली आणि तिने तक्रारीला जागा ठेवली नाही. पण तरुणपणापासून एक चांगली, वेगवान, चालवायला मजा येईल अशी सेडान घ्यायची हौस होती. मुलीचं शिक्षण संपलं, कारखान्याचं कर्ज फिटलं, मे २०२५ मध्ये आंब्याचे पैसेही बरे आले. बायको म्हणाली, "आता नाही घेतलीस तर पुढे गुडघे घेऊ द्यायचे नाहीत." गुडघ्यांचा मुद्दा नंतर येतो, पण तो माझ्या नाही, आईच्या गुडघ्यांचा.

मेव्हण्याचं म्हणणं सरळ होतं. "कोकणात राहून एवढ्या पैशांची सेडान? उंच गाडी घे, डोळे मिटून चालव." त्याचं चुकत नव्हतं. पण उंच गाडीत बसलं की मला एसटीच्या पुढच्या सीटवर बसल्यासारखं वाटतं, वळणावर डोलायला होतं. सेडानच घ्यायची, एवढं एकच आधी ठरलं.

कारखान्याच्या जुन्या जमाखर्चाच्या वहीची मागची पानं काढली आणि आखणी केली. बीएमडब्ल्यू ३३०एलआय: दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २५८ अश्वशक्ती, ४०० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवायचा जोर), शून्य ते शंभर ६.२ सेकंदांत. मर्सिडीज सी ३००: तीच २५८ अश्वशक्ती, तोच ४०० चा टॉर्क, वर ४८ व्होल्टच्या मोटरचा थोडा धक्का, ६ सेकंद. ऑडी ए४: २०४ अश्वशक्ती, ३२०, ७.१ सेकंद. आणि शेवटच्या ओळीत, जरा ठळक अक्षरात, बीएमडब्ल्यू एम३४०आय: तीन लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, ३७४ अश्वशक्ती, ५०० टॉर्क, चारही चाकांना ताकद, ४.४ सेकंद. मर्सिडीजची सी ४३ पण लिहिली होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती ९८ लाखांना आली. किंमत लिहिली आणि लगेच खोडली.

मग बागायतदाराची खोड. पेटीचा भाव ऐकला की आधी डझनाचा काढायचा. एक्स-शोरूम किमतीला अश्वशक्तीने भागलं. ए४ साधारण ५७ लाख, म्हणजे एक घोडा जवळजवळ २८ हजारांना. सी ३०० सत्तरच्या आसपास, म्हणजे २७ हजार. ३३०एलआय साडेबासष्ट, म्हणजे २४ हजार. आणि एम३४०आय पंच्याहत्तरच्या घरात असूनही घोडा वीस हजारांना! सगळ्यात महाग गाडी डझनाच्या भावात सगळ्यात स्वस्त. दोन दिवस मी या शोधावर खूश होतो. भेटेल त्याला ऐकवत होतो. शेवटी कारखान्यातल्या हिशेबनिसाने विचारलं, "साहेब, तुम्हाला डझन पाहिजेत की खाण्यापुरते पाहिजेत?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आमच्या रत्नागिरीत यांतल्या कुणाचंच शोरूम नाही. घाट चढा नाहीतर गोव्याकडे उतरा. जूनमध्ये कामं काढून दोन फेऱ्या मारल्या. डेमो गाडीबद्दल एकच सांगतो. कुठल्याही शहरात गेलात तरी शेजारी सेल्सचा मुलगा बसतो, चार सिग्नलचा एक चौकोन असतो आणि त्यात एका ठिकाणी "इथे दाबा सर" म्हणून मोकळा तुकडा असतो. तिथे दाबलं की सगळ्याच गाड्या अंगावर काटा आणतात. त्यावरून काही ठरत नाही. ठरतं ते सीटवर वीस मिनिटं बसल्यावर पाठीला काय वाटतं त्यावरून, आणि ते कुणी बसू देत नाही. मी बसलो. एका ठिकाणी चहा तिथेच आणून दिला, दुसऱ्या ठिकाणी दिवे बंद करायची वेळ झाली.

वैशिष्ट्यांच्या बाबतीत माझं मत लोकांपेक्षा जरा वेगळं झालं. स्पीकर सगळ्यांचेच उत्तम, सनरूफ सगळ्यांना, सीट सगळ्यांच्या विजेवर. त्यात वेळ घालवू नये. पडद्यांचं मात्र बघावं. बीएमडब्ल्यूत स्टिअरिंगपासून मधोमधपर्यंत वळलेली एकच लांब काच, सी ३०० मध्ये मध्यभागी उभा पडदा टॅबसारखा. दोन्ही देखणे, दोन्हींत एसीचं तापमान पडद्यावर बोट लावून बदलायचं. ऑडी या दोघींपुढे जुनी दिसते, पण तिच्यात एसीला अजून हाताने फिरवायची खरी बटणं आहेत. शहरातल्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. जुलैत घाटात ढग आत शिरतो, काच आतून धुरकटते, समोरून टँकर येतो, तेव्हा नजर रस्त्यावरून न काढता एसी फिरवता येणं म्हणजे काय ते आम्हाला कळतं. वहीत ऑडीसमोर मी एक मोठी फुली मारली, चांगल्या अर्थाची.

डिकी मोजायला मी हापूसची रिकामी लाकडी पेटी बरोबर नेली होती. सेल्सचा मुलगा हसला नाही, याचं कौतुक. लिटरचे आकडे कागदावर ठीक असतात, पण पेटी चौकोनी असते आणि डिकी नसते. मी पाहिलेल्या सी ३०० मध्ये सुटं चाकच डिकीत आडवं ठेवलेलं होतं, त्यामुळे पेटी गेली पण दुसरी जाईना. बीएमडब्ल्यूवाल्याने रनफ्लॅट टायरचं सांगितलं, पंक्चर झालं तरी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. रात्री अकरा वाजता साखरप्याच्या पुढे हे उपयोगाचं आहे. पण त्या टायरची भिंत कडक असते, आणि २२५/४५ असं लिहिलेल्या टायरची भिंत म्हणजे २२५ मिलिमीटरचे ४५ टक्के, जेमतेम चार इंच रबर. खड्ड्याच्या धारेवर ते रबर कापलं गेलं तर रनफ्लॅट असो की काही असो, टायर बदलावाच लागतो.

खरी परीक्षा झाली ती आंबा घाटात. कोल्हापूरच्या माझ्या एका डॉक्टर मित्राकडे एम३४०आय आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो रत्नागिरीला आला होता, परत जाताना म्हणाला, "तू चालव, मी झोपतो." झोपला अर्थातच नाही.

हातखंबा सोडलं, पाली, नाणीज. रस्त्याचं रुंदीकरण चालू असल्याने कुठे चार पदरी काँक्रीट, कुठे एकदम डायव्हर्जन आणि लाल चिखल. नाणीजच्या पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक समोर. मागे बसून त्याच्या चाकांचं तांबडं पाणी काचेवर घेत होतो. मग सरळ तुकडा आला, समोर रिकामं दिसलं आणि मी पाय टेकवला. टेकवला म्हणजे अर्धाच. १,९०० आरपीएमपासून (इंजिनाचे मिनिटाला एवढे फेरे) ५०० चा टॉर्क मिळतो हे वहीत लिहिणं वेगळं आणि ते पाठीत लागणं वेगळं. गियर केव्हा खाली पडला कळलंच नाही, ट्रक आरशात गेला. माझ्या जुन्या गाडीत हेच करताना मी आधी मनात गणपतीचं नाव घेतो, मग गियर, मग पाय, आणि ट्रकच्या बरोबरीला आल्यावर पुन्हा एकदा गणपती. इथे देवाला बोलवायलाही वेळ मिळाला नाही.

दुसरी गोष्ट ओल्या रस्त्याची. घाटाच्या पहिल्या वळणांवर दरडीची माती धुऊन रस्त्यावर आली होती. चढावर वळताना मागची चाकं क्षणभर सुटतील असं वाटलं आणि सुटली नाहीत, पुढच्यांनी ओढून घेतलं. ३३०एलआय आणि सी ३०० या दोन्हींची ताकद फक्त मागच्या चाकांना, ए४ ची फक्त पुढच्या. एम३४०आय एकटी चारही चाकांवर. आमच्या पावसाला हा मुद्दा सेकंदांपेक्षा मोठा आहे असं मी तेव्हाच मनात नोंदवलं.

मग आंबा गावात चहाला थांबलो. मित्राने विचारलं, "किती वेळ पूर्ण दाबलास?" आठवून पाहिलं. एकदाही नाही. तीनशे चौऱ्याहत्तरांतले अर्ध्याहून अधिक घोडे तबेल्यातच उभे होते. कोल्हापूरला पोचलो तेव्हा घड्याळ पाहिलं, २ तास ४२ मिनिटं. पुढच्या आठवड्यात कामासाठी माझ्या म्हाताऱ्या डिझेलने तोच रस्ता, तेवढाच पाऊस: २ तास ५० मिनिटं. आठ मिनिटं! ट्रक, म्हशी, डायव्हर्जन आणि वळणं या सगळ्यांनी मिळून दोन्ही गाड्यांना एकाच दावणीला बांधलं होतं. समृद्धी महामार्ग जूनमध्ये मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण उघडला, तिथेही मर्यादा १२० चीच. तिथपर्यंत जायलाच आम्हाला अर्धा दिवस.

एवढं कळूनही मन एम३४०आयपाशीच होतं, हे कबूल करतो. सहा सिलिंडर एका रांगेत असले की इंजिनाला एक गोलाई असते. कंपनं एकमेकांना खाऊन टाकतात. ५,००० च्या पुढे ते गुरगुरत नाही, गातं. चार सिलिंडरचं इंजिन तेवढंच काम करतं, पण हमालासारखं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता पैसे. एक्स-शोरूम किंमत हा फक्त सुरुवातीचा भाव असतो. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १५. सी.ए. ला विचारलं, कारखान्याच्या कंपनीच्या नावावर घेऊ का? तो म्हणाला, घसारा मिळेल, पण कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्स २० टक्के, आणि अशा गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट तर मिळतच नाही. साठ लाखांच्या गाडीवर सात टक्क्यांचा फरक म्हणजे चार लाख वीस हजार, एका फटक्यात. स्वतःच्या नावावर घ्यायची ठरली. वर एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, विक्रेता वसूल करतो, तो विवरणपत्रात वळता होतो, म्हणून तो खर्चात धरू नये. पण चेक लिहिताना तो लागतोच.

तेवढ्यात १५ ऑगस्ट आला. लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करण्याची घोषणा झाली आणि शोरूमवाल्यांचे आवाज बदलले. एकाने मला फोन करून सांगितलं, "सर, ही फक्त घोषणा आहे, अजून वर्ष जाईल, आत्ता घ्या, मी डिस्काउंट देतो." मी म्हटलं, "आमच्याकडे भाद्रपदात आंबा विकत नाहीत." कुठल्या कंपनीचा होता ते सांगत नाही, त्यालाही टार्गेट होतं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला, २२ पासून लागू. मोठ्या सेडानवर आधी २८ अधिक २० सेस मिळून ४८ टक्के होते, ते सरळ ४० झाले. माझ्यासारख्या काहीजणांना वाटलं आठ टक्के किंमत उतरेल. तसं नसतं. १४८ चे १४० होतात, म्हणजे साधारण साडेपाच टक्के. साडेबासष्टच्या गाडीला सव्वातीन-साडेतीन लाख, पंच्याहत्तरच्या गाडीला चार. शिवाय कमी झालेल्या किमतीवर रोड टॅक्सही तेवढा कमी. वाट बघितल्याचं सोनं झालं.

वाट बघताना रिकामं मन सेकंडहँडकडे वळलं. एम३४०आय मार्च २०२१ मध्ये आली तेव्हा ६२.९ लाखांना होती. त्याच वर्षाची, २८ हजार किलोमीटर चाललेली एक गाडी एका शहरात ४७ लाखांना आहे असं कळलं. फोटो असे की बघत राहावं. निळा रंग. मी आणि चुलतभाऊ पहाटे निघालो.

चुलतभाऊ चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा त्याच्या दारातल्या दोन गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. पाणी उतरल्यावर शेजारच्याने घाईघाईने चावी फिरवली, इंजिनात पाणी होतं, पिस्टनचे दांडे वाकले. भावाने चावी फिरवली नाही, गाडी टोचन लावून नेली, ती वाचली. त्यानंतरचे सहा महिने त्याने बुडालेल्या गाड्यांचा जो अभ्यास केला तो कुठल्या इंजिनिअरने केला नसेल.

गाडी लखलखीत होती. मी बॉनेट उघडून इंजिन बघत होतो, भाऊ काहीच न बोलता मागच्या सीटवर जाऊन बसला. सीटबेल्ट धरला आणि ओढायला लागला. ओढत गेला, ओढत गेला, अगदी शेवटपर्यंत, जिथे बेल्ट कधीच कुणाच्या अंगावर येत नाही. मग मला बोटाने बोलावलं. काळ्या पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागात एक फिकी, मातकट रेघ होती, पिठाच्या गिरणीतल्या कोळिष्टकासारखी. त्याने नखाने खरवडली, नखात बारीक गाळ आला. मग त्याने पुढची सीट मागे सरकवली आणि रुळाचे बोल्ट दाखवले. तीन काळे, एक तांबूस. डिकीचा गालिचा उचलला, नाक आत घातलं आणि माझ्याकडे बघून फक्त "वास घे" म्हणाला. अत्तराखाली कुबट वास होता, आमच्या पडवीत पावसाळ्यात गोणपाटाला येतो तसला.

विकणारा म्हणाला, "साहेब, गाडी धुताना पाणी गेलं असेल." भाऊ म्हणाला, "हो, सीटबेल्टच्या आतून धुतली असेल." आम्ही चहा न घेता निघालो. कुठल्या शहरातली, कुणाची, हे सांगत नाही. पण नवी घ्या किंवा जुनी, आमच्या पट्ट्यात इंजिन प्रोटेक्शनचं कलम विम्यात असल्याशिवाय घेऊ नका. साध्या विम्यात बुडालेल्या गाडीची चावी फिरवून इंजिन गेलं तर ते नुकसान तुमच्याच गळ्यात पडू शकतं. मी नंतर ते कलम घेतलं, भावाने उभं राहून घ्यायला लावलं.

सेकंडहँडचा नाद तिथेच सुटला. वहीत उरल्या दोन, ३३०एलआय आणि नवी एम३४०आय. सी ३०० बायकोला आवडली होती, आतून ती खरोखर सगळ्यांत सुंदर आहे, पण डिकी आणि किंमत दोन्हींत ती मागे पडली. ऑडीची बटणं सोडली तर ताकदीत मन भरलं नव्हतं.

३३०एलआय मधला 'एल' म्हणजे लांब. साध्या थ्री सीरिजच्या पुढच्या-मागच्या चाकांत २,८५१ मिलिमीटर अंतर असतं, हिच्यात २,९६१. त्या ११ सेंटिमीटरचा फायदा मुख्यतः मागच्या प्रवाशांच्या पायांना मिळतो. आई शोरूममध्ये आली होती, ८१ वर्षांची. एम३४०आयच्या मागच्या दारात तिला गुडघा वळवायला जागा पुरेना. ३३० मध्ये आधी पाठमोरी बसली, मग दोन्ही पाय एकेक करून आत घेतले, पाय लांब केले आणि म्हणाली, "ही आपली ओटी वाटते रे." मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

पण लांब गाडीचं पोटही लांब. आणि आमची घाटी!

घरी आल्यावर झोप लागेना. दुसऱ्या दिवशी गड्याला हाक मारली. फणसाच्या लाकडाचे साडेपाच इंच उंचीचे दोन ठोकळे कापून घेतले. शोरूममध्ये मी गाड्यांच्या पोटाखाली पट्टी सरकवून पाहिली होती, रिकाम्या गाडीला एवढंच अंतर मिळतं. एक ठोकळा पाठीच्या अलीकडे ठेवला, दुसरा पलीकडे, बरोबर २ मीटर ८५ सेंटिमीटरवर. ठोकळ्यांच्या डोक्यावरून सुतळी ताणली. ही सुतळी म्हणजे गाडीचं पोट. खाली जांभ्याची पाठ. मध्ये पट्टी उभी केली: सव्वा इंच मोकळं. मग पलीकडचा ठोकळा ११ सेंटिमीटर मागे सरकवला आणि सुतळी पुन्हा ताणली. पाठीच्या माथ्यावर आता इंचभरही जागा नव्हती. ठोकळे जरा पुढे, जरा मागे करून पाहिले, तेच. त्यात चार माणसं बसली, डिकीत सामान पडलं की स्प्रिंगा दबून गाडी इंचभर खाली येते. म्हणजे एम३४०आय पाव इंचाने वाचत होती आणि ३३०एलआय घासत होती.

मला आतून आनंद झाला हे लपवण्यात अर्थ नाही. ३७४ घोड्यांच्या बाजूने मला शेवटी एक शास्त्रीय पुरावा मिळाला होता. साडेतेरा लाखांचा जो फरक ऑन-रोड पडत होता, तो आता हौस राहिली नव्हती, तो भूगोल झाला होता. सुतळी तशीच ताणलेली ठेवून बायकोला, मेव्हण्याला बोलावलं, पट्टी उभी करून दाखवली. मेव्हणा गप्प झाला. माझ्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा झालं.

आई काठी टेकत घाटीपर्यंत आली. तिने सुतळी बघितली, ठोकळे बघितले, आजोबांची जांभ्याची पाठ बघितली. "ह्या दगडापायी तू दुसरी गाडी घेणार?"

"हो. ती लहान आहे, घासणार नाही."

"आणि ती स्वस्त आहे होय?"

"नाही. साडेतेरा लाख जास्त."

तिने काठीने पाठीवर टकटक केलं. "मेल्या, गवंड्याला बोलाव की."

गवंडी आला, ब्रेकर लावून एका दिवसात जांभा दोन इंच उतरवला, दोन्ही अंगांनी उतार काढून वर कोबा घातला. मजुरी, सिमेंट, ब्रेकरचं भाडं मिळून ११ हजार रुपये. ठोकळे ठेवून पुन्हा सुतळी ताणली. आता भरलेल्या लांब गाडीलाही दोन बोटं जागा होती. वहीत एम३४०आयच्या ओळीवर मी काट मारली. मारताना पेन दोनदा अडकलं.

ओल्या घाटातल्या मागच्या चाकांचं मनात होतंच. त्यावर इलाज इतकाच केला की पहिला पावसाळा होईतो स्पोर्ट मोड उघडायचा नाही असं ठरवलं, आणि टायरचा खोबणीचा खोलपणा बघायची पट्टी विकत घेतली. ४०० टॉर्क १,५५० आरपीएमपासून मिळतो, नाणीजच्या पुढच्या चिऱ्याच्या ट्रकला तो पुरतो. मी नंतर दोनदा खात्री केली. पुरतो. गात मात्र नाही.

२ ऑक्टोबरला दसरा होता. आदल्या दिवशी गाडी घेऊन घाट उतरलो, घाटीच्या तोंडाशी येऊन थांबलो. वाडीतली पोरं, मेव्हणा, गवंडीसुद्धा आला होता, आपलं काम बघायला. बंपरला झेंडू आणि आंब्याच्या टहाळ्यांचं तोरण बांधून झालं. पाठीवरून जाताना वजन कमी असावं म्हणून मी सगळ्यांना चालत यायला सांगितलं. आई उतरायला तयार नाही, ती मागे पाय लांब करून बसलेली.

पहिली चाकं वर चढली. काच खाली करून कान बाहेर काढला होता. गाडी मधोमध आली आणि खालून स्पष्ट आवाज आला, खर्रर्र. माझा पाय ब्रेकवर. गवंडी पोटावर झोपून खाली बघू लागला. पोरांनी श्वास रोखले. गवंड्याने हात आत घातला आणि आंब्याचा एक लांब टहाळा ओढून बाहेर काढला, तोरणातून निसटून गाडीखाली ओढला जात होता.

मागून आई म्हणाली, "झालं की नाही तुमचं? मला संध्याकाळचं दिवाबत्तीचं बघायचंय."